बॅटरी वीक, सार!

बंद पडलेल्या स्कूटरभोवती जमणाऱ्या मंडळींपैकी ती सुरू करणं कुणालाच जमत नाही. ती का बंद पडली, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असतं. पुण्यात हे ज्ञान देताना आधी समोरच्याची अक्कल काढतात, मुंबईत ते चालता चालता देतात आणि कोल्हापुरात स्कूटरला शिवी, तुम्हाला चहा आणि मग ज्ञान असा क्रम असतो. कुंभकोणमला कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेला गृहस्थ ते अतिशय शांतपणे, गाडीकडे न बघता, तीन शब्दांत देतो : "बॅटरी वीक, सार."

गावाचा यात दोष नाही. श्रीनिवास रामानुजन इथे वाढले. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचं त्यांचं घर अजून आहे. माणसं येतात, बघतात, हात जोडून जातात. त्यांच्या वह्यांत हजारो सूत्रं आहेत आणि बहुतेकांखाली सिद्धता नाही. उत्तर लिहिलं, पान उलटलं. नामक्कलची नामगिरी देवी ती स्वप्नात येऊन सांगते, असं ते म्हणत. पुढे जगभरच्या गणितज्ञांच्या हयाती त्या उत्तरांच्या सिद्धता शोधण्यात गेल्या. गावाने त्यांच्याकडून अर्धी पद्धत उचलली आहे. उत्तर आधी, हे पक्कं बसलं. ते बरोबर असावं लागतं, एवढा भाग राहून गेला.

माझी स्कूटर पुण्याहून इथे रेल्वेने आली. टाकीतलं पेट्रोल काढून, गोणपाटात शिवून. मला नोकरीने आणलं, तिला मी. तिच्या पाटीवरचं 'एमएच' म्हणजे महामहम (इथला सिंहस्थ), असा एका देवळापुढच्या रखवालदाराचा समज होता. तो मी मोडला नाही, कारण त्या समजावर सावलीतली जागा मिळायची.

आयुधपूजा झाली, पाऊस लागला आणि गाडीने एकेक इंद्रिय आवरतं घ्यायला सुरुवात केली. (इथला पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये हजर होत नाही. तो ऑक्टोबरात ईशान्येकडून येतो आणि डिसेंबरपर्यंत मुक्काम करतो.) आधी हॉर्न. तो बंद पडला असता तर कळलं तरी असतं. तो नुसता नम्र झाला. ज्या रस्त्यांवर बसवाले एअरहॉर्नशिवाय दुसऱ्या भाषेत बोलत नाहीत, तिथे माझी गाडी 'मी येऊ का?' असं विचारू लागली. मग इंडिकेटरने उघडझाप सोडून मंद नजरेने एकटक बघायला सुरुवात केली. वाहतुकीला याचा काहीच त्रास झाला नाही, कारण इथे वळायचं असेल तर माणूस मागे बघून हसतो आणि वळतो. शेवटी सेल्फ. बटण दाबलं की आतून 'टक्', आणि विषय समाप्त.

किक मारली की मात्र गाडी निमूटपणे चालू व्हायची, आणि घात इथेच होतो. किकने चालू होणाऱ्या गाडीचं दुखणं माणूस अंगावर काढतो. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांचं तसं नाही. त्यांच्यात बॅटरी पुरती उतरली की पेट्रोलचा पंपच चालत नाही; किक असली तरी ती व्यायामापुरती. माझी गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. तिला ठिणगी मॅग्नेटोमधून परस्पर मिळते, त्यामुळे ती बॅटरीवाचून जगू शकते आणि मालकाला महिनोन्‌महिने गाफील ठेवू शकते.

माझे घरमालक तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं, त्यानंतर केव्हातरी यांचे पूर्वज दक्षिणेत उतरले. १८५५ साली इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं, पण काकांनी ताबा अजून पूर्णपणे सोडलेला नाही. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि लाइटबिलावर इंग्रजी, असा त्यांचा कारभार. किक मारणाऱ्या माझ्याकडे त्यांनी पायरीवर बसून बराच वेळ पाहिलं.

"सर टी. माधवराव याच गावात जन्मले. १८२८ साली," ते म्हणाले. "त्रावणकोर, इंदूर, बडोदा. तीन संस्थानांची घडी बसवली त्यांनी. आणि तुम्हाला एक स्कूटर आवरत नाही?"

"काका, संस्थानांना वायरिंग नव्हतं."

"असतं हो! दिवाणाला दुसरं काय बघायचं असतं? कुठून येतं, कुठे जातं आणि मध्ये कोण खातं."

स्कूटरच्या विजेवर मी ऐकलेलं हे सर्वांत शहाणं वाक्य. तिथल्या तिथे त्यांनी ते माझ्या गाडीला लावून बघितलं असतं, तर पुढचे दोन महिने वाचले असते. पण लगेच त्यांनी 'बॅटरी वीक आहे' असा निकाल दिला आणि आत पाहून कॉफी मागवली. कुंभकोणमची डिग्री कॉफी पितळी टंबलरातून डबऱ्यात, डबऱ्यातून टंबलरात ओतून येईपर्यंत कुणालाही पुढचा प्रश्न विचारायचं भान राहत नाही.

काकूंचं निदान वेगळं होतं. त्यांना हा शनी वाटला. त्यासाठी हे गाव मोक्याचं आहे. नवग्रहांची नऊ देवळं या मुलखात विखुरलेली आहेत आणि यात्रेकरू कुंभकोणमला मुक्काम ठोकून ती करतात. सूर्याचं सूर्यनारकोविल, शुक्राचं कंजनूर, गुरूचं आलंगुडी, राहूचं तिरुनागेश्वरम ही सगळी हाताशी. शनीचं तिरुनळ्ळार मात्र कारैकालच्या बाजूला, म्हणजे लांब. उपायातली अडचण उघड होती : तिथे जायला चालू गाडी हवी. काकूंच्या ओळखीच्या ज्योतिषांनी निदान गाडी घेतल्याची तारीख आणि वेळ तरी विचारली. मी ज्या दुकानात बॅटरी घ्यायला गेलो, तिथे तेवढंही कुणी विचारलं नाही.

दुकानदाराने गाडीचं सीटही उघडायला लावलं नाही. जुनी बॅटरी ठेवून घेतली, नवी दिली, वॉरंटी कार्डावर शिक्का मारला आणि तो पुसला जाऊ नये म्हणून त्यावर फुंकर घातली. 'तासाभरात फुल चार्ज करून दिली आहे, सार.' हॉर्न पुन्हा गर्जू लागला. काकांनी 'मी म्हटलं नव्हतं?' असं मराठीत आणि मग खातरी पटावी म्हणून तमिळमध्ये सांगितलं. तीन आठवड्यांत हॉर्न पुन्हा नम्र झाला.

दुकानात परत गेलो तर म्हणे, "तुम्ही गाडी फार कमी चालवता, सार." पुढच्या वेळी मी मुद्दाम सुवामिमलै, दारासुरम असं फिरून गेलो. दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात चाक-घोडे जोडलेला दगडी रथमंडपही पाहिला. बाराव्या शतकापासून उभा आहे आणि त्याला सेल्फ नाही. दुकानदाराने माझी हकिगत ऐकली आणि म्हणाला, "तुम्ही फार फिरवता, सार."

बॅटरीची बाजू कुणी घेत नाही म्हणून इथे थोडी घ्यावीशी वाटते. स्कूटरची बॅटरी ही शिसं आणि गंधकाम्लाची वस्तू. हा प्रकार १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच माणसाने शोधला आणि मूळ रसायन आजही तेच आहे. आत सहा कप्पे, प्रत्येकाचे दोन व्होल्टहून किंचित जास्त, म्हणून भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ वर आली की ती जवळपास रिकामी. तशीच उपाशी ठेवली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, आणि मग तिला जेवायला घातलं तरी लागत नाही. म्हणजे आधी उपासमार करायची, त्याने ती खंगली की 'वीक' म्हणून हिणवायचं आणि शेवटी बदलायची! सासुरवासाच्या जुन्या गोष्टींतही याहून थोडी माया असायची.

तिला जेवण मिळतं ते असं. इंजिनाबरोबर एक चुंबकांचं चक्र फिरतं आणि त्याच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी स्थिर असतात. चुंबक फिरलं की तारेत वीज, हे फॅरडेने १८३१ साली दाखवून ठेवलं आहे. पण ही वीज दिशा बदलत राहणारी, आणि इंजिन रेस केलं की वाटेल तितकी चढणारी. बॅटरीला एकाच दिशेची आणि मापात हवी. म्हणून मध्ये एक पंखेदार ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवतात. त्याचं पूर्ण नाव रेग्युलेटर-रेक्टिफायर, पण मेकॅनिकच्या तोंडी आरआर युनिट. तो वीज एका दिशेने वळवतो, साडेचौदाच्या आसपास तिला लगाम घालतो आणि बहुतेक स्कूटरमध्ये जास्तीची वीज सरळ बॉडीला, म्हणजे अर्थला, सोडून देतो. त्यात त्याचं अंग तापतं, म्हणूनच ते पंखे. काकांच्या भाषेत सांगायचं तर कुठून येतं : कॉइल. कुठे जातं : बॅटरी. आणि मध्ये कोण खातं, या प्रश्नाला आरआर युनिट, फ्यूज, किल्लीचा स्विच, अर्थची वायर, असंख्य प्लास्टिकचे कनेक्टर आणि कुणीतरी हँडलला लावून घेतलेला मोबाइल चार्जर एवढे उमेदवार. बॅटरी या सगळ्यांच्या शेवटी बसलेली असते आणि गुन्हा तिच्या नावावर लागतो, कारण तिथे सहज हात पोचतो आणि ती दुकानात विकत मिळते. वायरीचं सडकं टोक कुणी विकत नाही. त्याला वॉरंटी कार्ड नसतं.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा ताप नव्हता. १९७२ साली आकुर्डीहून निघालेल्या चेतकच्या जुन्या गाड्यांपैकी कितीतरींना बॅटरीच नसे. दिवा आणि हॉर्न थेट मॅग्नेटोवर. रेस केलं की उजेड, सोडलं की अंधार; सिग्नलला उभा असलेला माणूस मध्येच हँडल पिळायचा तो घाई होती म्हणून नव्हे, समोरचं दिसावं म्हणून. गाडी चालू होत नसली तर तिला एका अंगावर कलती करायची, हा सर्व रोगांवर एकच उपाय. निदान नव्हतं, पण खर्चही नव्हता.

नागेश्वरन देवळाकडून जाणाऱ्या एका गल्लीत एक मेकॅनिक असल्याचं मला अखेर मंडईत विड्याची पानं विकणाऱ्या बाईंनी सांगितलं. (नागेश्वरनची बांधणी अशी, की चित्तिरै महिन्यात सूर्याचा किरण थेट पिंडीवर येतो. चोळांच्या काळातलं काम. मध्ये एकही कनेक्टर नाही.) मेकॅनिक अण्णा साठीचे, लुंगी गुडघ्याला खोचलेली, कानावर पेन. गाडी बघून ते 'बॅटरी वीक' म्हणाले नाहीत. त्यांनी काहीच म्हटलं नाही, आणि मला पहिल्यांदाच आशा वाटली.

मग प्रश्न सुरू झाले. माझं तमिळ बाजारहाटापुरतं, त्यांचं हिंदी सिनेमापुरतं. पण हॉर्न, सेल्फ, रेस, डिम, डाऊन या शब्दांवर नाशकापासून नागरकोविलपर्यंत कुणाचं अडत नाही. आधी काय गेलं, हॉर्न की सेल्फ? एकदम गेलं की हळूहळू? रात्रभर उभी राहिली की उतरते, की चालवूनही? पाऊस आधी, की बिघाड आधी? या शेवटच्या प्रश्नावर मी अडखळलो. त्यांनी तेवढं लक्षात ठेवलं.

त्या दिवशी त्यांनी गाडीला हात लावला नाही. नुसती बॅटरी काढून घेतली. वजा टोक आधी, अधिक टोक नंतर, हे आपल्या हाताखालच्या पोराकडून म्हणवून घेत. चार अँपिअर-अवरची बॅटरी, तिला चारशे मिलिअँपिअरने, रात्रभर. माझी घाई बघून ते म्हणाले, "उपाशी माणसाला कल्याणसाप्पाडु वाढायचं नसतं, सार." लग्नाची पंगत वाढायची नसते, इतकंच ते; पण तासाभरात फुल चार्ज करून देणाऱ्या दुकानाचा यात हिशेब होता. शिवाय मेलेली बॅटरी लावून चार्जिंग तपासता येत नाही. मीटर कुणाबद्दल बोलतो आहे तेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर निघाला. पिवळा, काच तडकलेली, रबरबँडने बांधलेला. गाडी बंद असताना बॅटरी १२.७. म्हणजे ही नवी बॅटरी धडधाकट. गाडी चालू : १२.५. रेस : १२.४. इथे आकडा चढून चौदाच्या घरात जायला हवा होता. तो खाली सरकत होता. अण्णांनी मीटर माझ्यासमोर धरला आणि पहिलं विधान केलं. "वरलै." येत नाही. कुठून येत नाही, ते पुढचं.

मग कॉइलचा प्लग सुटा करून, मीटर एसीवर लावून त्यांनी रेस केलं. आकडा इंजिनाबरोबर चढत गेला. कॉइल निर्दोष. तिच्या वायरी बॉडीला कुठे टेकल्या आहेत का, तेही पाहिलं, नव्हत्या. सेल्फ मारताना व्होल्टेज किती पडतं ते पाहिलं. फ्यूज नुसता डोळ्यांनी न बघता मीटरने पाहिला, कारण आतून तुटलेला फ्यूज बाहेरून सज्जन दिसू शकतो. गर्दी जमली होतीच. एक जण म्हणाला, बॅटरी वीक. अण्णांनी त्याला १२.७ हा आकडा दाखवला. त्याने तो नीट वाचला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "मीटर वीक."

शेवटी पुढचं पॅनल उघडलं. आत आरआर युनिट आणि त्याचा कनेक्टर. पोराने तो ओढला तर निघेना. निघाला तेव्हा पिना हिरव्या झालेल्या, एकीभोवतीचं प्लास्टिक तापून तपकिरी झालेलं. पाणी शिरलं, तांबं सडलं, वाट अरुंद झाली, अरुंद वाटेत वीज तापली, तापून वाट आणखी बिघडली. इथवर सगळं पावसाच्या नावावर जमा झालं असतं. पण अण्णांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कनेक्टर उजेडात धरला आणि नखाने आतून काहीतरी खरवडून काढलं. लाल. हुंगलं. पोराला हुंगायला दिलं.

"कुंकुमम," पोरगं म्हणालं.

पाऊस सुटला. आयुधपूजेला म्हणजे आपल्या खंडेनवमीला इथे सायकलपासून बसपर्यंत सगळ्यांची पूजा होते. चाकांखाली लिंबं, हँडलला झेंडू, रस्त्यावर कोहळा फोडायचा. काकांनी त्या दिवशी माझी स्कूटर पहाटेच ताब्यात घेतली होती. गाव देवळांचं, आणि देवळांच्या गावात कोणतीही पूज्य वस्तू कोरडी ठेवत नाहीत. त्यांनी तिला होझपाइपने पुढून, मागून, खालून आणि पुढच्या जाळीतून आत असं यथासांग स्नान घातलं होतं, वर गंध-कुंकवाचं पाणी. तमिळ पद्धतीचं की मराठी, याबद्दल नवरा-बायकोत वाद झाला होता, म्हणून दोन्ही.

दुरुस्ती सांगण्याजोगी नाही, इतकी छोटी. सडका भाग कापला, नव्या पिना दाबून बसवल्या, वर पेट्रोलियम जेली. अर्थच्या बोल्टखालचा रंग आणि गंज कानशीने घासून चकचकीत धातू काढला. आरआर युनिट बदलू का, असं मीच विचारलं. अण्णा म्हणाले, त्याने काय केलं आहे? गाडी चालू. १३.१. रेस. १३.८, १४, १४.२, आणि तिथे आकडा खांब रोवून उभा राहिला. पंधराच्या वर गेला असता तर युनिट दोषी आणि बॅटरी उकळून मेली असती, हेही त्यांनी पोराला सांगून टाकलं. मजुरी घेतली ती बॅटरीच्या किमतीपुढे इतकी किरकोळ, की मला दुकानात दिलेल्या पहिल्या बॅटरीची आठवण झाली. बहुतेक तीही निर्दोष होती. एव्हाना कुठल्यातरी भट्टीत तिचं शिसं वितळून दुसऱ्याच कुणाच्या गाडीत 'वीक' ठरायला निघालं असेल.

काकांना पुरावा दाखवला. त्यांनी तो कनेक्टर माधवरावांच्या गावच्या माणसाला शोभेल अशा गांभीर्याने उलटसुलट पाहिला.

"माझ्या पूजेत चूक नाही," ते म्हणाले. "तुमच्या गाडीचं सोवळं कच्चं आहे."

पुढच्या वर्षी फक्त पळीने प्रोक्षण करायचं, पॅनलच्या खाली नाही, असा तह झाला. काकूंनी साक्षीला कॉफी दिली. तेवढ्यात पलीकडच्या घरातला मुलगा आपली नवी इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन आला. होसूरला बनलेली, घरच्या प्लगला लावून चार्ज करायची, बॅटरीच जिचा जीव. काका तिच्याभोवती फिरले आणि पाणी कुठे मारायचं नाही, ते त्याला आधीच विचारून घेतलं. तो म्हणाला, "कुठेही मारा, तात्ता. बॅटरी आयपी ६७ आहे." म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत थेंब जात नाही, असं त्याने समजावून सांगितलं.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग भिंतीवरच्या पंचांगाकडे गेले. गुरू सिंहेला आला की आपल्याकडे नाशिकला सिंहस्थ आणि इथे महामहम. मागचं २०१६ साली झालं, पुढचं २०२८ला. त्या दिवशी इथल्या तळ्यात सगळ्या नद्या येतात आणि लाखो माणसं बुडी मारतात. काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि दारातूनच मुलाला हाक मारली.

"एक मीटर म्हणजे हँडलपर्यंत की सीटपर्यंत?"